विशूच्या खांद्यावरचा हात

विश्वेश्वर रजेवर आला की स्टेशनवरून आधी माझ्या दारात येतो. ट्रंक ओट्यावर ठेवतो, बूट काढतो, पाणी पितो, मग कॉफी. तोवर तो कल्लाप्पा समोरच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली उभा असतो. स्टेशनवर उतरवून घ्यायला तोच जातो, ट्रंक माझ्या फाटकापर्यंत तोच उचलतो, पण पुढे त्याला यायला मुभा नाही. आमच्यात रीत आहे. भरतीच्या वेळी ज्याने खांद्यावर हात ठेवला, त्याच्या घरचं पाणी आधी, मग आपलं घर. मी कॉफी सावकाश करते. डिकॉक्शन पडेपर्यंत थांबते, पडलं की पुन्हा दूध तापत ठेवते. स्वल्प उभा राहिला तर काय पाय मोडत नाहीत त्याचे.

लोक म्हणतात, अनूअक्का, किती जळशील आता, पुरे कर. जळते. कोणाच्या बापाचं तेल जाळते का मी?

आम्ही बसवनगुडीतले जुने मराठे. शहाजीराजांबरोबर इकडे आलो म्हणतात. खरंखोटं भवानीला ठाऊक, पण देऊळ आहे, तलवारी आहेत, आणि घरात मराठी आहे. अर्धी कन्नडात भिजलेली आहे, म्हणून पुण्याचा पाहुणा आला की तो हसू दाबतो आणि आम्ही दोन वाक्यं जपून बोलतो. माझे वडील नरसिंहराव पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आले. विश्वेश्वर म्हणजे विशू, माझ्या आत्याचा मुलगा. आमच्यात मामाची मुलगी हक्काची. त्यामुळे मी पाळण्यात होते तेव्हाच ठरलं की ही विशूची.

बाकीच्या सगळ्या चुलत-मावस भावांना मी अण्णा म्हणायची. विशूला मात्र अण्णा म्हणायचं नाही, असं आईने बजावलेलं. एकदा चुकून म्हणाले तर तिने गालात चिमटा काढला. मग काय म्हणायचं, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणून मी त्याला काहीच म्हणत नसे. जेवायला बोलवायचं असेल तर समोर जाऊन बांगड्या वाजवायची. तो उठायचा. मला वाटायचं, संसार असाच होणार, बांगड्यांवर.

विशू लॉरी चालवायचा. सयाजीरावांची लॉरी, होसूर, कृष्णगिरी, सेलम. उंच, खांदे भरलेले, बोलणं कमी. लॉरीखाली झोपून पाने फिरवता फिरवता कल्लाप्पाशी त्याची ओळख झाली. कल्लाप्पा हुबळीकडचा, लालबागेजवळच्या गॅरेजात मेकॅनिक. लॉरी जॅकवरून घसरून गुडघ्यावर आली तेव्हापासून एका पायाने लंगडतो. दिसायला काही नाही. मी नीट पाहून घेतलेलं आहे, नाक फेंगडं आहे.

लग्नाची तारीख धरायला सगळे आमच्या ओसरीवर बसले त्या दिवशी विशू मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मला लग्न करायचं नाही. अनूत खोट नाही. मला बाईच नको. मी कल्लाप्पाबरोबर राहतो, आणि राहणार."

मी दाराआड पोहे परतत होते. कढईखालची कोळशाची शेगडी तशीच राहिली आणि पोहे करपले. आत्या रडली, आणि भीमाचार्यांनी पंचांग मिटलं. भीमाचार्य म्हणजे आमच्या देवळात पुराण सांगतात ते, शाळेतही शिकवत. ते म्हणाले, "विश्वेश्वरा, असं असतं तर असतं, पण ओसरीवर कोण सांगतं?"

विशू म्हणाला, "न सांगता अनूच्या गळ्यात माळ घालायची का?"

माझ्यावर उपकार केल्यासारखं सगळ्यांना नंतर वाटलं. मला नाही वाटलं. सवत बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, चार शिव्या हासडल्या असत्या, गल्लीने ऐकल्या असत्या. ह्या लंगड्याचं काय उपटू? देवळाच्या पायरीवर दिसला की म्हणायचा, "नमस्कार अक्का." अक्का! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विशूला अण्णा म्हणायला मला बंदी, आणि हा मला अक्का म्हणून मोकळा.

दुसरीकडे स्थळं आली. एक सोलापूरचं, एक इथलंच जयनगरातलं, नव्या घराचं. मी नाही म्हणाले. का, ते कोणी विचारलं तर सांगायची की वडिलांना कोण बघेल. वडील स्वतःचं धोतर स्वतः धुवायचे, काठी टेकत रोज गांधीबाजारला जायचे. त्यांना बघायला कोणी लागत नव्हतं.

मग चीनची लढाई झाली. त्या थंडीत गावात दुसरं बोलणंच नव्हतं. बायका स्वेटर विणत होत्या, अंगठ्या देत होत्या, आणि भरतीच्या मैदानावर पोरांची रीघ. डोंगरात लॉरी चालवणारे हवेत, असं जाहीर झालं. विशू तिशीला टेकलेला, पण ड्रायव्हरांना वयाची सूट होती. तो वडिलांकडे आला. बूट बाहेर काढून ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"मामा, मला जायचंय. हात ठेवा."

हे हात ठेवणं म्हणजे आमच्यातली जुनी पद्धत. आमचं पोर भरतीला गेलं की घरातलं मोठं माणूस बरोबर जातं, साहेबापुढे पोराच्या खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, "माझा आहे." एवढंच. म्हणजे याने काही केलं तर मला विचारा. हात असेपर्यंत पोराने पाऊल टाकायचं नाही. साहेबाने पुढे म्हटलं की मोठ्याने हात उचलायचा, आणि तिथून पोर पलटणीचं. विशूचे वडील नव्हते, म्हणजे हात मामाचा. माझ्या वडिलांनी आमच्यातली कितीतरी पोरं अशी पलटणीत घातली होती. साहेब लोक बदलायचे, पण नरसिंहरावांचा हात म्हटलं की पुढचं विचारायचे नाहीत.

वडील म्हणाले, "रविवारी देवळात बोलू."

रविवारी आरती झाली, प्रसादाची कोसंबरी वाटून झाली, आणि पुरुष मंडळी मंडपात बसली. आम्ही बायका खांबांपलीकडे. पानं लावायचं निमित्त होतं, कान सगळे तिकडे. विशू मधोमध मांडी घालून बसला होता. कल्लाप्पा देवळाबाहेर, चपलांजवळ.

भीमाचार्यांनी सुरुवात केली. "नरसिंहराव, विचार करा. बराकीत पोरं शेजारी शेजारी झोपतात. एका नळावर आंघोळी. आईबापांनी कोणाच्या भरवशावर पाठवलीत ती?"

सयाजीराव, ज्यांची लॉरी विशू चालवायचा ते, चिडले. "आचार्य, हा माझ्या लॉरीवर इतकी वर्षं आहे. वाटेत धाब्यावर माझे सगळे ड्रायव्हर एका बाजेवर पडतात. एकानेही तक्रार आणली नाही. उलट बाकीच्यांच्याच भानगडी निस्तरतोय मी, कोणाची कृष्णगिरीला एक, कोणाची सेलमला एक."

बायका फिसकन हसल्या. मी नाही हसले.

"लॉरी वेगळी, पलटण वेगळी," भीमाचार्य म्हणाले. "शत्रूने ह्याला गाठलं आणि म्हटलं, तुझं बिंग फोडतो, सांग रस्ता कुठला, तर?"

विशू पहिल्यांदा बोलला. "काय फोडणार? तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. चपलांजवळ बसलाय तो."

मग वडील बोलले. ते बोलले की मंडप गप्प व्हायचा. "आमच्या पलटणीतही होते असे. एक हवालदार होता, त्याच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मला पाठीवर घेऊन नदीतून आला. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोललं नाही, तोही बोलला नाही. विशू, मला तुझ्या असण्याचं काही नाही रे. तू बोलतोस त्याचं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तो हवालदार आता कुठे आहे, मामा?"

वडिलांनी काठी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. "घरच्यांनी लग्न लावून दिलं. विहीर जवळ केली त्याने."

 मला वाटलं आता वडील हात ठेवणार. पण माणूस चारचौघांत बसला की चारचौघांसारखंच बोलतो. भीमाचार्य हळूच म्हणाले, "मधला मार्ग आहे. अनुसूया अजून घरात आहे. विश्वेश्वराने तिच्याशी लग्न करावं. म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडं बंद, आणि नरसिंहरावांनाही हात ठेवायला अडचण नाही." आत्ताच विहिरीची गोष्ट ऐकलेली माणसं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सरी, सरी, हेच बरं. वडिलांनीही डोलावली. म्हणाले, "हे कर, विशू. मी हात ठेवतो. हे नाही केलंस तर नाही. माझा शब्द."

माझ्या हातातलं पान ओलं झालं. मी खोटं सांगणार नाही, मला आनंद झाला. विहीर मीही ऐकली होती, तरी झाला. शेजारच्या अंबुबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझी नजर विशूवर नव्हती, बाहेर चपलांजवळ होती. म्हटलं, आता बघ, लंगड्या.

विशू उठून उभा राहिला. "अनूला फसवून पलटणीत जायचं असेल तर मी लॉरीच चालवतो," म्हणाला, आणि गेला. चपला घालताना कल्लाप्पाने त्याला काही विचारलं. त्याने नुसतं डोकं हलवलं.

म्हणजे दुसऱ्यांदा नाही म्हणाला मला. तेही आख्ख्या देवळात.

मंगळवारी सकाळी मी मागच्या अंगणात तांदूळ निवडत होते. फाटक वाजलं. कल्लाप्पा. हातात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची पिशवी, वास अंगणभर. पिशवी पायरीवर ठेवली आणि लांबच उभा राहिला. मराठी त्याला मोडकीतोडकीच येते.

"अक्का, तू हो म्हण."

"कशाला?"

"लग्नाला. मी त्याला सांगतो, तो ऐकतो माझं. लग्न करा, तो पलटणीत जाऊ दे. मी हुबळीला जातो. परत येणार नाही, देवाशपथ."

माझ्या डोक्यात कसली तिडीक गेली. हा मला विशू देणार! माझ्या हक्काचा माणूस, मी पाळण्यात असल्यापासूनचा, आणि हा अवरेकाळूच्या पिशवीबरोबर तो मला आणून देतोय. मी म्हणाले, "आणि तुला काय मिळणार त्यात?"

"त्याला जायचंय ना." एवढंच म्हणाला, मग थांबून म्हणाला, "रविवारपासून जेवत नाही. ताटातला भात डाव्या बाजूला सारतो, खाल्ल्यासारखं करतो. पलटणीच्या लॉऱ्या रस्त्याने गेल्या की उभा राहतो. सगळ्या जाईपर्यंत."

मला हे माहीत नव्हतं. भात डाव्या बाजूला सारतो, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो माझा माणूस म्हणून मी जळत होते, आणि त्याच्या ताटातलं मला काही ठाऊक नाही. ते सगळं ह्याच्याकडे. आणि हा ते सगळं सोडून हुबळीला जायला निघालेला. माझ्याने असं सोडवलं असतं का? नसतं. मी घट्ट धरून बसले असते, नखं रुतवून. हेच मला सहन झालं नाही. त्याचं फेंगडं नाक सहन झालं, अक्का म्हणणं सहन झालं, हे नाही.

"जा इथून," मी म्हणाले. "कोणाचं उष्टं मी वाढून घेत नाही."

तो गेला. शेंगा तिथेच राहिल्या. शेंगांनी काय केलंय? संध्याकाळी मी त्या सोलल्या आणि सारू केलं. जेवताना वडिलांना म्हणाले, "मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवा."

"शब्द दिलाय मी देवळात."

"परत घ्या."

"सुभेदाराचा शब्द परत घेत नाहीत, अनू." मग म्हणाले, "सारू चांगलं झालंय." मी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं नाही.

भरतीच्या दिवशी मी काठाचं हिरवं लुगडं नेसले. लग्नासाठी घेऊन ठेवलेलं, घडी मोडलेली नव्हती. वडील ओट्यावर होते. त्यांनी लुगड्याकडे पाहिलं, कुठे चाललीस विचारलं नाही. लॉऱ्या बघत उभा राहणारा माणूस आज घरी बसणार नाही, म्हटलं, आणि कंटोन्मेंटच्या बसमध्ये बसले.

मैदानावर दोर बांधलेले. आत पोरं रांगेत, त्यांच्याबरोबर एकेक बाप, एकेक काका. माणसांची गर्दी दोराबाहेर. टेबलाशी साहेब, तरणा होता, डोळ्याखाली काळं. मला विशू दिसला. तो आला होता, एकटाच, हाताशिवाय. वेडा. आणि टेबलाजवळ भीमाचार्य. ते साहेबाच्या कानाशी काही बोलून, कर्तव्य केल्यासारखा चेहरा करून बाजूला झाले.

विशूची पाळी आली. साहेब हिंदीत म्हणाला, "हे आत्ता मला सांगितलं ते खरं आहे?"

"हो साहेब."

रांगेतली पोरं कुजबुजली. एकजण हसला. साहेबाने लेखणी खाली ठेवली. "मला ड्रायव्हर हवेत, पण बराकीत भांडणं नकोत. तुमच्यात हात ठेवायची पद्धत आहे ना? नरसिंहराव कुठे आहेत? कोण आहे तुझ्यामागे?"

 विशूने मागे पाहिलं. दोराबाहेर कल्लाप्पा होता, दोर दोन्ही मुठींत धरून. त्याला आत येता येत नव्हतं, आणि आला असता तर तिथल्या तिथे सगळं संपलं असतं. त्याला ते कळत होतं. माणूस दोर धरून नुसता उभा.

ते पाहिलं आणि मी दोराखालून वाकून आत गेले. शिपाई अहो अहो करत मागे आला. मी सरळ टेबलापुढे गेले आणि विशूच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हात लावला मी. खांदा गरम होता, आणि थरथरत होता.

"माझा आहे," मी म्हणाले.

साहेबाने वर पाहिलं. "आपण कोण?"

"नरसिंहरावांची मुलगी. अनुसूया."

"हा आपला नवरा?"

"नाही. व्हायचा होता. नको म्हणाला. दोनदा, सगळ्यांसमोर, कारण सांगून."

"तरी आपण आलात?"

माझी हिंदी यथातथाच आहे, पण त्या दिवशी आली. मी म्हणाले, "साहेब, ह्याने माझ्याशी एक खोटं बोलायचं होतं, बस. घर मिळालं असतं, जेवण मिळालं असतं, आज माझे वडील इथे उभे असते. नाही बोलला. मला इतका राग आहे त्याचा की सांगता येत नाही. पण तुमची लॉरी दरीत गेली आणि कशी गेली ते तुम्ही विचारलंत, तर हा खरं सांगेल. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

रांगेत कोणी हसलं नाही. भीमाचार्य जमिनीकडे बघत होते. साहेब विशूकडे बघत राहिला, मग माझ्या हाताकडे. मग लेखणी उचलली.

"घाटात चालवली आहेस?"

"रोज, साहेब."

"ठीक. पुढे."

मी दोराकडे पाहिलं. मला कल्लाप्पाने बघायला हवं होतं. बघ, म्हणायचं होतं मला, बघ, कोणाचा हात आहे, कोण म्हणालं माझा, चारशे माणसांत. तुला हे कधी म्हणता येणार नाही. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो विशूकडे बघत होता, आणि विशू त्याच्याकडे. माझ्या हाताखालचा खांदा थरथरायचा थांबला होता.

"पुढे," साहेब पुन्हा म्हणाला.

विशू हलला नाही. हात असेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, रीत आहे. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अनू."

मागची पोरं ताटकळत होती. साहेब म्हणाला, "बाई, हात काढा आता."

मी काढला.